विश्लेषण : कुणबी नोंद सापडली, पण ती आपल्याच खापरपणजोबांची, हे कसे ठरते?

मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याच्या मोहिमेत राज्यभर लाखो जुन्या नोंदी उजेडात आल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातही तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांत, शाळांच्या जनरल रजिस्टरांत आणि भूमी अभिलेख विभागाच्या बाडांत ‘कुणबी’ हा शब्द शोधण्यात आला. नोंद हाती आलेल्या अर्जदारापुढे मात्र त्यानंतर दुसराच प्रश्न उभा राहतो. नोंदीतील व्यक्ती आपली पूर्वज आहे, हे पिढीमागून पिढी कागदाने जोडून दाखवायचे कसे? प्रमाणपत्र, पडताळणी, शिक्षणातील प्रवेश, नोकरी आणि निवडणुकीतील उमेदवारी हे सारे या जोडणीवर अवलंबून आहे. वंशावळीची ही प्रक्रिया काय आहे, ती कुठे अडते आणि अहिल्यानगरचे अर्जदार मराठवाड्यातील अर्जदारांपेक्षा वेगळ्या स्थितीत का आहेत, याचा ऊहापोह.

वंशावळीला एवढे महत्त्व कधी आले?

ऑगस्ट-सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण झाले. त्यानंतर ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासणे, हे तिचे सुरुवातीचे काम होते. पुढे तिची कार्यकक्षा राज्यभर वाढवण्यात आली. समितीच्या पहिल्या अहवालाच्या वेळी सरकारने जाहीर केल्यानुसार, मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७२ लाख नोंदी तपासून ११ हजार ५३० ठिकाणी कुणबी उल्लेख सापडला. म्हणजे साधारण दीड हजार नोंदींमागे एक. राज्यभर शोध सुरू झाल्यावर आकडा झपाट्याने वाढला आणि जानेवारी २०२४ पर्यंत ५४ लाख नोंदींची भाषा होऊ लागली.

हा आकडा नोंदींचा आहे, माणसांचा नाही. एकाच व्यक्तीची जन्माची, शाळेची आणि जमिनीची अशा तीन नोंदी असू शकतात. उलट एका पणजोबांच्या एकाच नोंदीवर आज पन्नास वारस हक्क सांगू शकतात. ज्यांचे वंशज गाव सोडून गेले किंवा ज्यांचा वंश खुंटला, त्यांच्या नोंदीवर दावा करायला कोणीच नसते. म्हणून किती नोंदी सापडल्या, यावरून किती जणांना प्रमाणपत्र मिळेल याचा अंदाज बांधता येत नाही. नोंद आणि अर्जदार यांच्यामधला दुवा म्हणजे वंशावळ.

नगर जिल्ह्यासाठी हा विषय नवा नाही. २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डीच्या घटनेनंतर राज्यभर मराठा क्रांती मोर्चे निघाले आणि आरक्षणाची मागणी ऐरणीवर आली. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा केला. मात्र ओबीसी प्रवर्गातील १९ टक्क्यांच्या आरक्षणात जाण्याचा मार्ग कुणबी प्रमाणपत्रातूनच जातो. राज्याच्या ओबीसी यादीत ‘कुणबी’ आधीपासून आहे. ‘मराठा कुणबी’ आणि ‘कुणबी मराठा’ यांचा समावेश १ जून २००४ च्या शासन निर्णयाने झाला.

हैदराबाद गॅझेटचा अहिल्यानगरला उपयोग होतो का?

थेट होत नाही. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींचा आधार घेण्याची कार्यपद्धती ठरवली. गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती स्थानिक चौकशी करणार, अशी ही रचना आहे. जमिनीचा पुरावा नसणाऱ्याला, आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या भागात राहत होते, असे प्रतिज्ञापत्र देण्याची मुभा त्यात आहे. हा निर्णय मराठवाड्यापुरता, म्हणजे पूर्वीच्या निजाम राज्याच्या भागासाठी आहे. त्यालाही ओबीसी संघटनांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.

अहिल्यानगर महसुली रचनेत नाशिक विभागात येतो आणि पूर्वी तो मुंबई इलाख्याचा भाग होता. शेवगाव, पाथर्डी, जामखेडच्या सीमेपलीकडे मराठवाडा सुरू होतो. रोटीबेटीचे व्यवहार दोन्ही बाजूंनी आहेत, पण कागदपत्रांची परंपरा वेगळी आहे. सीमेपलीकडे निजामकालीन खासरा पत्रके, तर अलीकडे इंग्रजी अमदानीतील गाव नमुने आणि पाहणी-जमाबंदीची कागदपत्रे. त्यामुळे दोन गावांत दहा किलोमीटरचेही अंतर नसले, तरी दोन चुलत घराण्यांना वेगवेगळ्या मार्गाने जावे लागते.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेत अहमदनगरचा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुणबी हा जिल्ह्यातील मोठा शेतकरी समूह म्हणून येतो. परंतु गॅझेटियरमध्ये समूहाचे वर्णन आणि लोकसंख्या असते, कोणाच्या आजोबांचे नाव नसते. जिल्ह्यात कुणबी मोठ्या संख्येने होते, एवढे त्यातून सिद्ध होते. अमुक अर्जदार त्यांच्यापैकी एकाचा वंशज आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून येथील अर्जदारासाठी नावानिशी असलेली नोंद आणि वंशावळ यांना पर्याय राहत नाही.

पुराव्याची साखळी कशी जुळवतात?

सर्वाधिक उपयोगी पडतो तो गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. गावोगावी तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. तिच्यात जातीचा रकाना असतो. त्याशिवाय शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, हक्कनोंद पत्रक, फेरफार, भूमी अभिलेख विभागातील पक्का बुक आणि क्लासर रजिस्टर, दुय्यम निबंधकांकडील जुनी खरेदीखते, पोलीस व कारागृहाच्या नोंदवह्या, सैनिक कल्याण कार्यालयातील अभिलेख अशी लांबलचक यादी समितीने विचारात घेतली. ओबीसींसाठी ग्राह्य धरली जाणारी तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे. तिच्या आधीचा पुरावा लागतो, आणि कागद जितका जुना तितके त्याचे वजन अधिक. स्वातंत्र्यपूर्व कागदांना जास्त महत्त्व द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे.

अर्जदार वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांतांकडे अर्ज करतो. वंशावळ कागदावर काढणे सोपे असते. प्रत्येक पायरीला पुरावा जोडणे अवघड असते. अर्जदार ते वडील आणि वडील ते आजोबा हे दुवे शाळेच्या दाखल्यांनी बहुधा जुळतात. अडचण येते ती आजोबांच्या मागे. तेथे सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार. खातेदार मरण पावल्यावर त्याची मुले वारस म्हणून लागतात, तेव्हा बाप आणि मुले यांची नावे एकाच सरकारी कागदावर येतात. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही आणि सहा-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. या दोन्हींत जात नसली, तरी नाते असते. कोतवाल बुकात जात असते, पण नाते अपुरे असते. दोन्ही एकत्र ठेवले की साखळी पूर्ण होते.

नावे जुळूनही दावा का अडतो?

समजा, १८९२ च्या कोतवाल बुकात ‘राणू बिन खंडू, कुणबी’ अशी मृत्यूची नोंद सापडली. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. आडनाव नाही. आता नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत लक्षात घेतली, तर घराण्यात खंडू, राणू, पुन्हा खंडू, पुन्हा राणू अशी आवर्तने होतात. त्याच गावात त्याच काळात दुसऱ्या भावकीतही एखादा राणू बिन खंडू असू शकतो. नोंदीतील राणू आपल्या वंशावळीतील कितव्या पायरीवरचा, की तो आपला नव्हेच, हे नावावरून ठरत नाही. वय, जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर, भावांची नावे यांचा ताळा घ्यावा लागतो. १८९२ ते आज या अंतरात साधारण चार ते पाच पिढ्या बसतात. वंशावळीत दोनच दाखवल्या असतील, तर तपासणाऱ्याला शंका येणारच.

जुन्या जन्मनोंदींत बाळाचे नावही अनेकदा नसते. अमक्याला ‘मुलगा झाला’ एवढेच लिहिलेले असते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. मग तो मुलगा थोरला की धाकटा, हे जन्मतारखेच्या दुसऱ्या पुराव्याशिवाय कळत नाही. आडनावांचा घोळ आणखी वेगळा. कुणी पाटीलकीमुळे ‘पाटील’ लावू लागले, कुणी गाव सोडल्यावर मूळ गावाच्या नावापुढे ‘कर’ जोडला, कुणाचे शाळेत घालताना गुरुजींनी लिहिले तेच कायम झाले. दोन सख्ख्या भावांपैकी एकाच्या दाखल्यावर ‘कुणबी’ आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘मराठा’ असेही आढळते.

लिपीचा अडसरही मोठा आहे. जुनी दप्तरे मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नीट राखला जात नाही, अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात आणि जातीसाठी अनेकदा केवळ ‘कु’ असे संक्षिप्त रूप वापरलेले असते. मोडी वाचणारे मोजके, त्यामुळे लिप्यंतरासाठी अर्जदाराला वाट पाहावी लागते आणि पैसेही मोजावे लागतात. लिप्यंतर करणाऱ्याने नाव एका अक्षराने वेगळे वाचले, तर वंशावळीशी मेळ बसत नाही.

गाव बदलले किंवा बुडाले, तर?

प्रमाणपत्र कुठे मागायचे, हे अर्जदार आज कुठे राहतो यावर ठरत नाही. पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ रोजी जेथे कायम राहत होते, तेथील प्रांतांकडे अर्ज करावा लागतो. अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात याचा अर्थ मोठा आहे. गोदावरीच्या कालव्यांमुळे कोपरगाव-राहाता पट्टा बागायती झाला, साखर कारखानदारी उभी राहिली आणि दुष्काळी तालुक्यांतील, तसेच जिल्ह्याबाहेरील कुटुंबे तिकडे स्थिरावली. नातवंडे कालव्याकाठी वाढली, पण आजोबांचा कागद मूळ गावच्या तालुक्यात राहिला. जायकवाडीच्या जलाशयात नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतील गावांची जमीन गेली. मुळा धरणानेही राहुरीच्या परिसरात विस्थापन घडवले. पुनर्वसित गावात नवा गट नंबर मिळाला की जुन्या सर्व्हे नंबरशी त्याची सांगड घालणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

प्रशासकीय सीमाही स्थिर नव्हत्या. नाशिकचा बराचसा भाग १८६९ पर्यंत अहमदनगर जिल्ह्यातच होता. पेशवेकालीन कागदांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागाराकडे जावे लागते. त्यामुळे ‘आमच्या गावात नोंद नाही’ याचा अर्थ ‘नोंदच नाही’ असा होत नाही.

यात कोण मागे राहते?

जमीन असलेल्या घराचा माग फेरफारावरून काढता येतो. ज्यांच्या पणजोबांच्या नावावर जमीन नव्हती, शाळेचे तोंड कोणी पाहिले नव्हते, जे सालगडी म्हणून या गावातून त्या गावात फिरले, त्यांची साखळी दुसऱ्या-तिसऱ्या कडीलाच तुटते. आरक्षणाची गरज सर्वाधिक ज्यांना असावी, त्यांच्याकडेच कागद सर्वांत कमी, असा हा पेच आहे. मराठवाड्यासाठीच्या निर्णयात जमीन नसणाऱ्यांना प्रतिज्ञापत्राची वाट दिली आहे. अहिल्यानगरच्या भूमिहीनाला ती उपलब्ध नाही.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. जात जन्माने, आणि पुरावा वडिलांकडचा, असा प्रघात आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीला माहेरच्या वंशावळीसाठी भाऊ-चुलत्यांच्या सहकार्यावर अवलंबून राहावे लागते. २६ जानेवारी २०२४ रोजी सरकारने ‘सगेसोयरे’ची व्याख्या करणारा मसुदा काढला. वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबरच सजातीय विवाहातून जुळलेले नातेसंबंध त्यात धरले होते. १६ फेब्रुवारी २०२४ पर्यंत त्यावर हरकती मागवल्या. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयापर्यंत या मसुद्याचे अंतिम नियमात रूपांतर झाले नव्हते. ओबीसी संघटनांचा आक्षेप असा, की रक्ताच्या नात्यापलीकडे गेले की पुराव्याला सीमा राहत नाही आणि मूळ ओबीसींच्या वाट्यात अमर्याद वाटेकरी येतील. मराठा आंदोलकांचे म्हणणे असे, की कागद जपण्याची जबाबदारी सरकारची होती, ते गहाळ झाल्याची शिक्षा नातवंडांना का?

प्रमाणपत्र मिळाले की काम संपते का?

नाही. खरी परीक्षा पडताळणीची असते. सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी कुमारी माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची चौकट घालून दिली. ते प्रकरण महादेव कोळी जमातीच्या दाव्याचे होते. नंतर महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला; तो १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. त्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्णपणे अर्जदाराची आहे. अकोले तालुक्यातील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना पडताळणीच्या या वाटा अनेक वर्षांपासून परिचित आहेत. आता त्याच प्रकारच्या चाळणीतून कुणबी प्रमाणपत्रधारक जात आहेत.

जिल्हा समितीला शंका आली, तर दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहते. शाई वेगळी आहे का, ओळ मध्येच घुसवली आहे का, आधीच्या-नंतरच्या नोंदींचे अक्षर जुळते का, हे तपासते. गावात नातेवाइकांकडे चौकशी होते. वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील व्यक्तीला आधीच वैधता मिळाली असेल, तर मोठा आधार मिळतो. २०१० च्या अपूर्वा निचळे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. मात्र तेथेही ती व्यक्ती नात्यातली आहे, हे वंशावळीनेच दाखवावे लागते.

दावा खोटा ठरला, तर किंमत जबर असते. प्रवेश, पदवी, नोकरी, निवडून आलेले पद रद्द होऊ शकते आणि मिळालेले आर्थिक लाभ वसूल होऊ शकतात. कायद्यात सहा महिने ते दोन वर्षे कैदेची तरतूद आहे. खोट्या दाव्यावर मिळवलेला लाभ सहानुभूतीपोटी कायम ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा प्रकरणात बजावले. समितीचा निर्णय मान्य नसेल, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. अहिल्यानगरच्या अर्जदारांसाठी त्याचा अर्थ छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. घाईत दुसऱ्याच राणूला आपला खापरपणजोबा ठरवणाऱ्या कुटुंबाला ही जोखीम मुलाच्या प्रवेशापासून सुनेच्या सरपंचपदापर्यंत सोसावी लागू शकते.

जगात वंश सिद्ध करण्याच्या पद्धती काय सांगतात?

अमेरिकेत पूर्वजांच्या आधारे सदस्यत्व देणाऱ्या जुन्या संस्था आहेत. स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशज स्त्रियांची ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ १८९० मध्ये, तर १६२० च्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरील प्रवाशांच्या वंशजांची संस्था १८९७ मध्ये स्थापन झाली. तेथेही नियम तोच आहे, प्रत्येक पिढीच्या दुव्याला कागद. पण मेफ्लॉवर संस्थेने मूळ प्रवाशांच्या पहिल्या पाच पिढ्यांचा अभ्यास करून तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. नव्या अर्जदाराला आपली साखळी त्या छापील पिढ्यांपर्यंत आणून जोडली की पुरते. तेथे पणाला लागते ती प्रतिष्ठा; येथे पणाला लागते ती मुलांची शिक्षणाची वाट. तरीही कष्ट कमी करण्याची व्यवस्था तेथे झाली.

आपल्याकडेही वंशावळीची परंपरा आहे. अनेक घराण्यांच्या कुलमंडळांनी कुलवृत्तांत छापले. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्यांची नावे, कधी गाव आणि सह्याही असतात. कोणाचा बाप कोण, हे शोधायला या वह्या फार उपयोगी. पण त्या खासगी नोंदी असल्याने त्यांना सरकारी कागदाचा दुजोरा लागतो. त्या दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत.

पुढे काय करता येईल?

सरकारने आतापर्यंत साखळीचे वरचे टोक शोधले. ‘कुणबी’ शब्द असलेली पाने स्कॅन झाली, संकेतस्थळांवर आली. खालचे टोक अर्जदाराच्या हातात आहे. मधल्या कड्या, म्हणजे वारस फेरफार, सहा-कच्या नोंदवह्या आणि जुन्या-नव्या सर्व्हे नंबरांचे ताळेबंद, अजून बहुतेक ठिकाणी कपाटांतच शोधावे लागतात. जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करण्याचा ई-अभिलेख प्रकल्प राज्यात राबवला गेला. त्याला नावानुसार सूची जोडली, मोडी लिप्यंतर सरकारी खर्चाने आणि प्रमाणित करून दिले आणि एका मूळ पुरुषाची तपासलेली वंशावळ त्याच्या सर्व वंशजांच्या अर्जांना लागू केली, तर एकाच घरातील दहा जणांना दहा वेळा तेच सिद्ध करावे लागणार नाही.

याचा फायदा दोन्ही बाजूंना आहे. खऱ्या वंशजाचा दावा लवकर मार्गी लागेल आणि ओढूनताणून जोडलेली नाती लवकर उघडी पडतील. ओबीसींची भीती आणि मराठ्यांची तक्रार, दोन्हींचे मूळ मधल्या या न दिसणाऱ्या पिढ्यांत आहे. त्या कागदावर आणणे हे काम महसूल खात्याचे आहे, आणि किती नोंदी सापडल्या यापेक्षा किती साखळ्या पूर्ण झाल्या, याचा हिशेब जाहीर झाला तर या वादाचे खरे चित्र समोर येईल.